उपमा कुठपर्यंत टिकते?

भाषेच्या अभ्यासक्रमात अलंकार असावेत की नसावेत, हा वाद अधूनमधून पेटतो आणि काही हाती न लागताच विझतो. एक बाजू म्हणते, उपमा-उत्प्रेक्षा-अनन्वयाच्या व्याख्या घोकून आजवर कुणाला कविता कळली आहे का? काढून टाका. दुसरी म्हणते, ही दीड-दोन हजार वर्षांची परंपरा आहे, शिवाय मुलांचे हक्काचे गुण आहेत, हात लावू नका. दोन्हीकडचे ऐकताना मला एकच गोष्ट खटकत राहते. अलंकार म्हणजे कवितेच्या अंगावर चढवलेले दागिने, हे दोघांनीही न तपासता धरून चालले आहे. एकाला ते विकायचे आहेत, दुसऱ्याला जपायचे आहेत. भांडण कपाटाच्या किल्लीवरून आहे. माझे मत असे की अलंकारांची नावे शाळेत शिकवलीच पाहिजेत, आणि आज शिकवतो त्याहून अधिक गांभीर्याने. कुणी एका गोष्टीला दुसरीसारखी म्हणतो, तेव्हा ते साम्य कुठपर्यंत खरे आहे आणि कुठे संपते, हे मुलांना विचारता यायला हवे. त्यासाठी ही नावे लागतात.

माझी भाची नववीत आहे. परवा तिच्या सराव प्रश्नपत्रिकेत 'जणू काही घडलेच नाही अशी ती हसली' असे वाक्य होते आणि 'अलंकार असल्यास ओळखा' असा प्रश्न. तिने क्षणभरही न थांबता 'उत्प्रेक्षा' लिहिले. का, असे विचारले तर म्हणाली, "मामा, 'जणू' आहे ना त्यात." वहीच्या मागच्या पानावर तिने एक तक्ता केलेला होता. सारखा, प्रमाणे, सम, परी दिसले की उपमा. जणू, गमे, वाटे, भासे दिसले की उत्प्रेक्षा. म्हटले, मग या वाक्यात उपमेय, म्हणजे ज्याची तुलना केली ते, कुठले आणि उपमान, म्हणजे ज्याच्याशी केली ते, कुठले? ती अडली. मी तो प्रश्न सोडून दिला आणि म्हटले, 'जणू' काढून टाकून वाक्य वाच बरे. तिने मनात वाचून पाहिले, पेन्सिल दोनदा टेबलावर आपटली आणि म्हणाली, "मग खरंच काही घडलं नाही असं होईल. 'जणू'मुळे कळतं की घडलंय, आणि ती दाखवत नाहीये." एका अव्ययाने वाक्याच्या पोटात काय लपवले आहे, हे तिने बरोबर हेरले होते. पण उत्तरपत्रिकेतल्या रिकाम्या जागेत मावण्यासारखे ते नव्हते. तिथे एक नाव हवे होते, आणि तक्त्याने दिलेले नाव चुकीचे होते.

अलंकार नकोत म्हणणारे असल्या तक्त्यांकडे बोट दाखवतात तेव्हा त्यांचे खरे आहे, हे आधीच मान्य करतो. मात्र या चुकीचा दोष शास्त्राच्या माथी मारता येत नाही. न्याय या भारतीय तर्कदर्शनात उपमान-प्रमाणाचे, म्हणजे साम्यावरून होणाऱ्या ज्ञानाचे, ठरलेले उदाहरण आहे: गवय (एक रानटी प्राणी) गायीसारखा असतो. रानात कधी न गेलेल्या माणसाला कुणी तरी हे सांगितलेले असते. पुढे रानात तसा प्राणी दिसला की तो ओळखतो. या वाक्यात उपमेय आहे, उपमान आहे, 'सारखा' आहे, समान धर्म म्हणजे दोघांत सारखा असलेला गुणही आहे. तक्त्याप्रमाणे पैकीच्या पैकी गुण! तरीही साहित्यशास्त्राने याला अलंकार मानले नाही. माहिती मिळाली, पण चमत्कृती नाही. मनात काही हलले नाही. म्हणजे शब्द पाहून अलंकार ठरत नाही, हा मुद्दा जुन्यांनी कधीच निकालात काढला होता. आपण त्यांची नावे तेवढी उचलली आणि ती नावे ज्या प्रश्नांमुळे जन्माला आली, ते प्रश्न मागेच ठेवले.

विरोधकांचा सर्वांत वजनदार आक्षेप याहून वेगळा आहे. कविता आधी अंगात भिनावी लागते. नाव लावायला गेलात की ती मरते, ही चिरफाड आहे, असे ते म्हणतात. त्यांच्या पाठीशी ॲरिस्टॉटलही उभा करता येतो. काव्यशास्त्रावरच्या ग्रंथात तो म्हणतो की रूपक साधणे ही सर्वांत मोठी गोष्ट, ती दुसऱ्याकडून शिकता येत नाही, ती प्रतिभेची खूण आहे. शिकता येत नाही, तर शिकवायची कशाला? पण त्याच ॲरिस्टॉटलने वक्तृत्वावरच्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात रूपक कोणते शोभते, कोणते ओढूनताणून आणलेले वाटते, उपमा आणि रूपक यांत नेमका किती फरक, याचा तपशीलवार विचार केला आहे. 'तो सिंहासारखा झेपावला' ही उपमा आणि 'सिंह झेपावला' हे रूपक, हे उदाहरण त्याचेच. त्याला यात विसंगती वाटली नाही, कारण घडवणे वेगळे आणि पारखणे वेगळे. घडवण्याला प्रतिभा लागते. पारख शिकून येते, आणि ती न आलेल्या माणसाला कुणीही गंडवू शकते.

आणि 'चिरफाड' हा शब्द तरी काय आहे? ते एक रूपक आहे. कविता म्हणजे शरीर, नाव म्हणजे सुरी, आणि सुरी लागली की शरीर निर्जीव. हे साम्य जरा हातात घेऊन पाहा. शरीर कापले की पुन्हा जोडता येत नाही. कवितेची ओळ मात्र हजार वेळा उलगडली तरी पुढच्या वाचनाला ती जशीच्या तशी समोर असते. म्हणजे जिथे टिकायला हवे, नेमके तिथेच हे रूपक टिकत नाही. त्याऐवजी मी खेळाचे उदाहरण देईन. गुगली, यॉर्कर, रिव्हर्स स्विंग ही नावे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाची मजा कमी होते का? उलट ज्याला नावे ठाऊक नाहीत त्याला फक्त 'आउट झाला' एवढेच दिसते. अर्थात माझी उपमाही तपासून घेतली पाहिजे. गुगलीची व्याख्या पाठ करून कुणी गुगली ओळखायला शिकले नाही. आधी चेंडू फसवा वळलेला पाहिला, मग कुणी तरी त्याचे नाव सांगितले. आधी परिणाम, मग नाव. आपल्या वर्गात क्रम नेमका उलटा लागला आहे: आधी व्याख्या, मग दोन उदाहरणे, मग तिसऱ्यात ओळखा. विरोधकांच्या तक्रारीतला जो भाग खरा आहे तो इथे आहे, आणि तो मला पूर्ण मान्य आहे.

क्रम सुलटा केला तर काय दिसते? सोळाव्या शतकातले संस्कृत काव्यशास्त्रकार अप्पय्य दीक्षित यांनी 'चित्रमीमांसे'त म्हटले आहे की उपमा ही एकच नटी आहे. ती वेगवेगळ्या भूमिका घेऊन काव्याच्या रंगमंचावर नाचते आणि जाणकारांचे मन रिझवते. हे वाक्य प्रत्येक वर्गाच्या फळ्यावर लिहून ठेवावे असे मला वाटते. मुख आणि चंद्र ही झिजून गुळगुळीत झालेली जोडी घ्या. मुख चंद्रासारखे आहे: उपमा, दोन वस्तू वेगळ्या, साम्य तेवढे सांगितले. मुख जणू चंद्रच: उत्प्रेक्षा, वेगळेपणा ठाऊक असूनही कल्पना पुढे झेपावली. मुखचंद्र: रूपक, आता दोघे एकच. हे मुख नव्हेच, हा चंद्र: अपन्हुती, खऱ्या वस्तूलाच नाकारले. हा चंद्र की मुख?: ससंदेह. खरोखरच चंद्र समजून चकोर धावला: भ्रांतिमान. चंद्राला डाग आहे, या मुखाला तोही नाही: व्यतिरेक. या मुखासारखे हेच मुख: अनन्वय, तुलना करणेच सोडून दिले. आठ नावे पाठ करायची म्हटली तर छळ आहे. पण ही एकाच नटीची आठ रूपे, हे दाखवले की मुलाला एक वेगळीच गोष्ट दिसू लागते: बोलणारा आपल्या साम्याविषयी किती ठाम आहे, याची ही मोजपट्टी आहे. 'सारखे'पासून 'च'पर्यंतच्या प्रवासात बोलणाऱ्याचा दावा वाढत जातो, आणि ऐकणाऱ्याची सावधगिरी मात्र कमी होत जाते.

ही मोजपट्टी कवितेबाहेर नेली की हा विषय किती गंभीर आहे ते कळते. परगावाहून, परमुलखातून पोट भरायला आलेल्या माणसांसाठी आपण सर्रास 'लोंढा' म्हणतो, 'पूर' म्हणतो. आधी कुणी तरी 'पुरासारखे लोक येत आहेत' असे म्हटले असेल. ती उपमा होती, तिच्यात माणसे अजून माणसे होती. मग 'सारखे' गळून पडले. पुराला चेहरा नसतो, पुराला कारण विचारत नाहीत, पुराशी बोलत नाहीत. पुराला बांध घालतात. 'लोंढा' हा एक शब्द स्वीकारला की बांध घालण्याचा उपाय न मांडताच मंजूर झालेला असतो. येणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आहे त्या सोयींवर ताण पडतो, हा समान धर्म खरा असू शकतो. पण साम्य तिथेच संपते, हे म्हणायला रूपक म्हणजे काय ते ठाऊक असावे लागते.

आजारपणाचेही तसेच. 'मृत्यूशी सुरू असलेली त्यांची झुंज अखेर अपयशी ठरली' हे वाक्य आपण इतक्या वेळा वाचले आहे की त्यातले रूपक दिसेनासे झाले आहे. आजार म्हणजे लढाई म्हटले की रुग्णाला धीर येतो, हे मी नाकारत नाही. कित्येकांना त्या शब्दाने उठून बसायचे बळ दिले आहे. पण लढाईत हरणारा कमी पडलेला असतो. जो गेला तो कमी पडला का? त्याच्या पेशी कशा वागल्या, त्याला औषध लागू पडले की नाही, यात त्याच्या शौर्याचा संबंध किती? घरच्यांनी ते वाक्य छापलेले वाचायचे आणि आपल्या माणसाच्या नावापुढे 'अपयशी' हा शब्द सोसायचा. सूझन सॉन्टॅग यांनी १९७८ साली, स्वतः कर्करोगातून गेल्यानंतर, आजारावर लादलेल्या अशा रूपकांविरुद्ध पुस्तकच लिहिले. त्यांचा सगळाच युक्तिवाद मला पटत नाही. रूपकाशिवाय माणूस दुःखाबद्दल बोलू शकेल असे मला वाटत नाही. पण कुठले रूपक कुणाला जखम करते, हे पाहण्याची जी नजर त्यांनी वापरली, तिची सुरुवात शाळेतल्या या रटाळ समजल्या जाणाऱ्या धड्यातच होऊ शकते.

चेतनगुणोक्ती घ्या. निर्जीव वस्तूवर सजीवाचे गुण लादले की चेतनगुणोक्ती, हे वाक्य सगळ्यांना पाठ. त्यापुढे डुलणारी झाडे आणि हसणारी फुले येतात, आणि धडा संपतो. 'बाजाराला हा निर्णय रुचला नाही' हे वाक्य वर्गात कधी येते का? बाजाराला जीभ नाही, मन नाही. कुणी तरी विकले, कुणी तरी विकत घेतले. 'नियम परवानगी देत नाही' या वाक्यात नियमाला तोंड फुटले आहे, आणि त्यामागे बसलेला, नियमाचा अर्थ लावणारा माणूस अदृश्य झाला आहे. पर्यायोक्तीचेही असेच. सरळ न सांगता आडवळणाने सांगणे ही कधी माया असते, शोकाच्या वेळी तर ती हवीच. पण कामावरून काढलेल्या माणसांना 'मनुष्यबळाची फेररचना' म्हणतात, तेव्हा ते आडवळण कुणासाठी घेतलेले असते? ऐकणाऱ्याचे दुःख हलके व्हावे म्हणून, की बोलणाऱ्याची लाज?

एक प्रतिप्रश्न इथे येणारच. भाषा इतकी फसवते, तर साधे, सरळ, अलंकारविरहित बोलायला शिकवा. नावांचा पसारा कशाला? हाही प्रयोग होऊन गेला आहे. लंडनच्या रॉयल सोसायटीचा इतिहास लिहिताना थॉमस स्प्रॅट यांनी १६६७ मध्ये अलंकारिक भाषेवर कडाडून टीका केली आणि विज्ञानाने 'उघडी' भाषा वापरावी असे सांगितले. जॉन लॉक यांनी पुढे मानवी आकलनावरच्या आपल्या ग्रंथात अलंकारिक भाषेला निखळ फसवणूक ठरवले. पण भाषा 'उघडी' असते म्हणजे आपण तिला अंग आणि वस्त्र दिलेच की. आणि लॉक यांची सर्वांत गाजलेली कल्पना कोणती? मन म्हणजे कोरा कागद. या दोघांना मी खोटे ठरवत नाही. त्यांची भीती रास्त होती, पण उपाय शक्य कोटीतला नव्हता. अलंकार टाळता येत नाहीत, तेव्हा ते ओळखता येणे एवढाच मार्ग उरतो.

आता परंपरेच्या रक्षकांकडे वळतो, कारण त्यांच्या बाजूचेही सगळे मला मान्य नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार मोजून चार आहेत: उपमा, रूपक, दीपक, यमक. अप्पय्य दीक्षितांच्या 'कुवलयानंदा'पर्यंत येताना ही संख्या शंभराच्या वर गेली. वाढत्या यादीत सूक्ष्म दृष्टी आहे, पण यादीचा मोहही आहे. युरोपातही हेच झाले. सोळाव्या शतकात पॅरिसच्या पेत्रुस रामुस यांनी विषय शोधणे आणि त्याची मांडणी करणे या गोष्टी तर्कशास्त्राकडे दिल्या. वक्तृत्वशास्त्राकडे शैली आणि सादरीकरण एवढेच उरले. विचारापासून तुटलेली नावे मग नुसती नावेच राहिली. आपल्या पाठ्यपुस्तकांत वेगळे काय घडले आहे? अलंकार व्याकरण विभागात, आणि युक्तिवाद कुठेच नाही.

परंपरा म्हणजे एकमुखी जयघोष, असेही रक्षकांना वाटते. ते तर मुळीच खरे नाही. अकराव्या शतकात काव्यशास्त्रकार मम्मटाने काव्याची व्याख्या करताना म्हटले की शब्द-अर्थ क्वचित अलंकाराविना असले तरी काव्य होऊ शकते, आणि स्पष्ट अलंकार नसलेला एक सुंदर श्लोकही पुढे ठेवला. त्यावर 'चंद्रालोक'कार जयदेवाने टोला दिला: अलंकाराविना काव्य मानणारा हा शहाणा, उष्णतेविना अग्नी का मानत नाही? त्यासाठी त्याने 'अनलंकृती' म्हणजे अलंकारहीन आणि 'अनलं कृती' म्हणजे अग्नीला, तो शहाणा, असे सुरेख यमक साधले. नववीच्या वर्गाला मी हे भांडण आवर्जून सांगेन, आणि विचारेन: जयदेवाची उपमा कुठपर्यंत टिकते? उष्णता हा अग्नीचा स्वभाव आहे, हे दोघांनाही मान्य. अलंकार हा काव्याचा स्वभाव आहे की नाही, हाच तर वादाचा विषय! जे सिद्ध करायचे तेच उपमेत आधीपासून घालून ठेवले आहे. यमक इतके गोड आहे की ही चलाखी लक्षातही येत नाही. जयदेव मोठा होता आणि मम्मटाला खरे उत्तर त्याने दिले नाही; या दोन्ही गोष्टी मुलांना एकाच वेळी कळू शकतात.

याच परंपरेतला जो भाग शिकवायला हवा, तो आपण वगळला आहे. भामह या प्राचीन काव्यशास्त्रकाराने उपमेचे सात दोष नोंदवले आहेत: उपमान हीन असणे, अशक्य असणे, लिंग किंवा वचन न जुळणे, विपर्यय, उपमान प्रमाणाबाहेर मोठे असणे, साम्यच नसणे. उपमेचे गुण शिकवणाऱ्या आपल्या वर्गांत उपमेचे दोष मी कधी ऐकले नाहीत. 'देश हे एक कुटुंब आहे, कुटुंब कमाईपेक्षा जास्त खर्च करत नाही, म्हणून देशानेही करू नये' हा युक्तिवाद घ्या. काटकसर चांगली, हे साम्य बरोबर. पण कुटुंब स्वतःचे चलन काढत नाही, कर बसवत नाही, आणि एका कुटुंबाने खर्च आवरला म्हणून त्याचीच कमाई घटते असे सहसा होत नाही. सगळा देश एकदम खर्च थांबवतो, तेव्हा कुणाचा तरी खर्च म्हणजे कुणाची तरी कमाई होती, हे उघडे पडते. निष्कर्ष कदाचित बरोबर असेलही. तो या उपमेतून मात्र निघत नाही. काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने कवीला सांगून ठेवले होते की अलंकार योग्य वेळी घ्यावा, योग्य वेळी सोडावा, तो शेवटपर्यंत ताणण्याचा हट्ट धरू नये. कवीला दिलेला हा सल्ला वक्त्यालाही तितकाच लागू आहे, आणि श्रोत्याला तर पाठच हवा.

संज्ञा जड आहेत, संस्कृत आहेत, ही तक्रार राहते. ती खरी आहे, पण उलगडल्यावर तितकीशी उरत नाही. 'उपमा' या शब्दातच 'मा' म्हणजे मोजणे आहे. जवळ ठेवून मोजायचे ते उपमेय, ज्याने मोजायचे ते उपमान. अपन्हुती म्हणजे लपवणे, नाकारणे. इतके सांगितले की शब्द दगडासारखे राहत नाहीत. आणि वीस अलंकारांऐवजी आठ-दहाच ठेवले तरी माझी हरकत नाही.

शेवटचा मुद्दा गुणांचा. लाखो उत्तरपत्रिका तपासायच्या, तर उत्तर एकच आणि निर्विवाद हवे, असे परीक्षा घेणारे म्हणतात. ती अडचण मी हलकी मानत नाही. तपासणाऱ्याच्या मर्जीवर मुलांचे गुण अवलंबून राहणे हा अन्यायच. पण अलंकाराचे नाव आता यंत्रही क्षणात सांगते, तेव्हा निव्वळ नावाला गुण देऊन आपण नेमके काय तपासतो? प्रश्न असा घालता येईल: 'शहरात माणसांचा लोंढा आला.' अलंकाराचे नाव, एक गुण. समान धर्म कोणता, एक गुण. लोंढ्याची अशी एक गोष्ट लिहा जी माणसांना लागू पडत नाही, एक गुण. हेच वाक्य रूपक काढून पुन्हा लिहा आणि अर्थात काय बदलले ते एका ओळीत सांगा, दोन गुण. भाचीला मी हा प्रश्न दिला. तिसऱ्या उत्तरात तिने लिहिले, 'लोंढा परत घरी जायची वाट बघत नाही.'